यादीत नाव नाही, म्हणजे काय?

प्रश्न : जर्मन लोक नोंदींच्या बाबतीत फार काटेकोर, असं आपण नेहमी ऐकतो. छळछावण्यांत कैद्यांच्या हातावर नंबरसुद्धा गोंदवत. मग दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या 60 लाख ज्यूंची नावानिशी संपूर्ण यादी आजही का नाही? – एक वाचक, मिरज

उत्तर : हातावरच्या नंबरापासूनच सुरुवात करू. नंबर गोंदवण्याची पद्धत फक्त आउश्विट्झ आणि तिच्या उपछावण्यांत होती, आणि तिथेही तो नंबर सगळ्यांना मिळत नव्हता. राबवून घ्यायला ठेवलेल्यांनाच तो मिळे. आगगाडी फलाटाला लागली की एस.एस. या नाझी दलाचे डॉक्टर माणसांची निवड करत. म्हातारे, आजारी, लहान मुलं आणि त्या मुलांच्या आया थेट गॅस चेंबरकडे जात. त्यांची नावं कुणी लिहून घेत नसे. आउश्विट्झमध्ये सुमारे 13 लाख माणसं आणली गेली, त्यात ज्यू जवळपास 11 लाख. छावणीच्या दप्तरात नोंद झाली ती सर्व मिळून सुमारे 4 लाख माणसांची, आणि त्यातले ज्यू साधारण 2 लाख. म्हणजे लाखो माणसं त्या फाटकातून आत गेली आणि तिथल्या एकाही रजिस्टरात त्यांचं नाव चढलं नाही.

बेल्झेच, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या छावण्यांत तर सगळीच माणसं मारण्यासाठी आणलेली. दिवसभरात किती आले एवढं मोजलं की मारणाऱ्यांचं काम भागे.

पूर्वेकडे, म्हणजे लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन या भागांत, आगगाडीसुद्धा लागली नाही. गावाबाहेरच्या खड्ड्यांपाशी नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. कीव्हजवळच्या बाबी यार या घळीत 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत 33,771 ज्यूंना मारल्याचं खुद्द मारणाऱ्यांनी बर्लिनला कळवलं. शेवटच्या एकापर्यंत मोजलेला आकडा, आणि नाव एकही नाही. लिथुआनियातल्या एका तुकडीचा प्रमुख कार्ल येगर याने 1 डिसेंबर 1941 रोजी पाठवलेला अहवाल तर वाचवत नाही. तारीख, गाव, पुरुष किती, बायका किती, मुलं किती, असे रकाने पानामागून पान चालू राहतात. पान संपलं की बेरीज, पुढच्या पानावर ती बेरीज पुढे ओढलेली, आणि शेवटी एकूण 1,37,346. हिशेबनिसाच्या शिस्तीने लिहिलेला हा कागद आहे. पण ज्यांचा हा हिशेब, त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्यावरून कळत नाही.

तेव्हा काटेकोरपणाबद्दल तुम्ही जे ऐकलं ते खोटं नाही. मात्र तो काटेकोरपणा रेल्वेच्या वेळापत्रकांना, मजुरांच्या हजेरीला आणि जप्त केलेल्या मालाला होता. ज्या माणसाचा राज्याला काही उपयोग, त्याच्या नावाची नोंद. ज्याला तासा-दोन तासांत मारून टाकायचं, त्याच्या नावासाठी कारकुनाचा वेळ कोण घालवणार? यादी अपुरी आहे त्याचं मुख्य कारण हेच, म्हणून त्या अपुरेपणाकडे पुराव्यातली त्रुटी म्हणून पाहू नये. हत्या कशी केली गेली, हे त्या रिकाम्या जागाही सांगतात.

तरीही एक सरसकट उत्तर चालत नाही, देशादेशांत फरक आहे. फ्रान्सचं उदाहरण घ्या. तिथून ज्यूंना घेऊन जाणारी प्रत्येक गाडी सुटण्यापूर्वी प्रवाशांची यादी टंकलिखित होत असे. या याद्यांच्या पातळ कार्बन प्रती पॅरिसमध्ये सापडल्या. सर्ज क्लार्सफेल्ड यांनी, ज्यांचे स्वतःचे वडील आउश्विट्झला पाठवले गेले होते, त्या फिकट, फाटक्या प्रतींवरून नाव अन् नाव उतरवून 1978 मध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यात सुमारे 76,000 माणसं आहेत, गाडीवार. फ्रान्सपुरती यादी आज जवळपास पूर्ण आहे. बेलारूसच्या एखाद्या खेड्यात मात्र मारणाऱ्यांनी यादी केली नाही आणि सांगायला शेजारीही उरला नाही, तिथे ती कशी पूर्ण होणार?

जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने 1950 च्या दशकापासून उलट्या बाजूने काम सुरू केलं. वाचलेला भाऊ, दूरची मावशी, शाळेतला मित्र, जो कुणी असेल त्याने मृताच्या नावाचं एक पान भरायचं : नाव, आईवडिलांची नावं, गाव, धंदा, शेवटचं कुठे पाहिलं. अशी 25 लाखांहून अधिक पानं जमली. ती पानं, गाड्यांच्या याद्या, घेट्टोंची, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांची, रजिस्टरं असं सगळं ताडून पाहत 49 लाखांहून अधिक नावं आजवर निश्चित झाली आहेत. राहिलेल्यांतली पुष्कळ नावं बहुधा कधीच मिळणार नाहीत, कारण कितीतरी ठिकाणी पान भरू शकणारं सगळं कुटुंबच एका दिवसात संपलं.

प्रश्न : शेवटी शेवटी नाझींनी कागदपत्रं जाळली म्हणतात. मग आज जे पुरावे दाखवतात ते कुठून आले? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जाळली, हे खरंच. जानेवारी 1945 मध्ये रशियन फौजा जवळ येऊ लागल्या तशी आउश्विट्झमध्ये दप्तरांची होळी पेटली. पण एवढी मोठी यंत्रणा एका कागदाच्या एका प्रतीवर चालत नाही. मूळ प्रत इकडे, कार्बन कॉपी तिकडे, तिसरी मंत्रालयात, असा तो पसारा होता. जाळणाऱ्याच्या हाती सगळ्या प्रती लागणं शक्यच नव्हतं.

20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनच्या वान्झे भागातल्या बंगल्यात पंधरा अधिकारी बसले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची खातेवाटणी झाली. त्या बैठकीच्या इतिवृत्ताच्या 30 प्रती काढल्या होत्या. आज जगात त्यातली एकच आहे, सोळाव्या क्रमांकाची. परराष्ट्र खात्याच्या फायलींत ती पडून राहिली आणि 1947 मध्ये न्युरेंबर्गच्या खटल्यांचं काम करणाऱ्या अमेरिकी वकिलांच्या चमूला मिळाली. बाकीच्या 29 प्रती नाहीशा झाल्या. त्या इतिवृत्तात देशवार ज्यूंच्या संख्येचा तक्ता आहे, बेरीज 1 कोटी 10 लाखांवर. त्यात इंग्लंड आहे, आयर्लंड आहे, जिथे जर्मन फौजा पोहोचल्याच नव्हत्या तेही देश आहेत.

आउश्विट्झचं बांधकाम कार्यालय मुख्य छावणीपासून बाजूला होतं. तिथली दप्तरं जाळायची राहून गेली. शवदाहिन्यांचे आराखडे, भट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, बिलं, हे सगळं रशियनांनी मॉस्कोला नेलं आणि ते 1990 च्या दशकापर्यंत कुलपात राहिलं. तिथेच आउश्विट्झच्या मृत्यूनोंदवह्याही होत्या. 1941 ते 1943 या काळातल्या 46 वह्या आणि त्यांत सुमारे 69,000 नावं. या वह्या वाचताना सावध राहावं लागतं. मृत्यूचं कारण म्हणून पानोपानी हृदयविकार, न्यूमोनिया, अशक्तपणा असं लिहिलेलं आहे. विशी-पंचविशीतली धडधाकट माणसं एकामागून एक हृदयविकाराने गेल्याच्या या नोंदी. माणूस मेला हे खरं, बाकीचं कारकुनाने भरलेलं. खोटं बोलणारा कागदसुद्धा पुरावा असू शकतो, फक्त त्याला दुसऱ्या कागदासमोर उभं करावं लागतं.

हे काम कसं चालतं ते एका तारेवरून नीट समजेल. 11 जानेवारी 1943 रोजी लुब्लिनहून हेर्मान ह्योफ्ले या एस.एस. अधिकाऱ्याने सांकेतिक भाषेत एक संदेश पाठवला. ब्रिटिशांनी तो हवेतल्या हवेत पकडला, ब्लेचली पार्क या आपल्या संकेतभेद केंद्रात उलगडला, आणि अर्थ न कळल्यामुळे फायलीत ठेवून दिला. पन्नासहून जास्त वर्षं तो लंडनच्या सरकारी दप्तरात पडून होता. 2001 मध्ये दोन अभ्यासकांनी त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. संदेशात 1942 अखेरचे आकडे आहेत, अक्षरं फक्त चार : एल 24,733, बी 4,34,508, एस 1,01,370, टी 71,355. शेवटी एकूण 12,74,166. अक्षरं छावण्यांची आहेत : लुब्लिन म्हणजे मायदानेक, बेल्झेच, सोबिबोर, ट्रेब्लिंका.

आता बेरीज करून पाहा. ती 6,31,966 येते, जुळत नाही. पण टी पुढचा आकडा 7,13,555 धरला तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर 12,74,166 भरते. संदेश उतरवताना एक 5 गळला होता. आणि नेमका हाच 12,74,166 हा आकडा एस.एस.चा प्रमुख हिम्लर याच्या सांख्यिकी अधिकाऱ्याने, रिशार्ड कोरहेरने, त्याच वर्षी तयार केलेल्या अहवालातही सापडतो. एक कागद लंडनमध्ये, दुसरा जर्मनीत पकडलेल्या फायलींत. दोघांची कधी गाठ पडलेली नाही, तरी साक्ष एकच. असा संहार झालाच नाही म्हणणारे आजही आहेत. त्यांच्याशी वाद घालायची वेळ आली तर मी ही बेरीज त्यांच्यापुढे ठेवीन.

प्रश्न : हे सगळे मारणाऱ्यांचे कागद झाले. ज्यांच्यावर बेतली त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेवलं, आणि कित्येकांनी ते जिवावर उदार होऊन ठेवलं. लोद्झ, व्हिल्नो, कोव्हनो अशा बऱ्याच घेट्टोंत गुपचूप दप्तरं जमवली जात होती. पण सविस्तर सांगावं ते वॉर्साच्या दप्तराबद्दल.

इमॅन्युएल रिंगेलब्लुम हे इतिहासाचे अभ्यासक आणि शाळामास्तर. नोव्हेंबर 1940 मध्ये वॉर्साच्या घेट्टोभोवती भिंत बांधून तो बंद करण्यात आला आणि त्याच महिन्यात त्यांनी माणसं गोळा केली. शिक्षक, पत्रकार, अर्थतज्ज्ञ, रब्बी, लेखक, विद्यार्थी. शनिवारी दुपारी, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, ही मंडळी जमत, म्हणून गटाचं नाव ‘ओयनेग शाबेस’, शब्बाथचा आनंद. बाहेर कुणाला संशय यायला नको हाही त्या नावाचा हेतू होता.

रिंगेलब्लुम यांची दृष्टी अस्सल इतिहासकाराची होती. एकाच घटनेवर तीन-चार जणांना वेगवेगळं लिहायला सांगायचं, म्हणजे कुणा एकाच्या भावनेवर विसंबून राहायला नको. निर्वासितांसाठी, बायकांसाठी, मुलांसाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या. पुढाऱ्यांबद्दल जितकं, तितकंच चोरवाटेने बटाटे आणणाऱ्या पोराबद्दल. ज्यू पोलिसांनी आपल्याच माणसांशी केलेली वागणूकही लपवायची नाही, हा त्यांचा आग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या समाजावर मरणाची पाळी आलेली असताना त्याच समाजाचे दोष लिहून ठेवायला फार मोठं मन लागतं.

त्यांनी काय काय जमवलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. शिधापत्रिका, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागद, नाटकाच्या जाहिराती, शाळकरी मुलांचे निबंध, जर्मन हुकूमनाम्यांची पोस्टर्स, एकाच घरात कोंबलेल्या अनेक बिऱ्हाडांसाठी दारावर लावलेली, कुणाकडे जायचं तर किती वेळा घंटी वाजवायची त्याची चिठ्ठी. लेश्नो रस्त्यावर रशेल आउअरबाख या लेखिका गरिबांसाठी सूपघर चालवत. रोजची वाटी मिळूनही माणसं कशी हळूहळू उपासमारीने जातात हे त्या लिहून ठेवत होत्या. आपण अन्न वाटतोय आणि तरी कुणाला वाचवत नाही, हे दुःख त्यांनी पुढे आयुष्यभर बाळगलं.

1942 च्या सुरुवातीला चेल्मनो छावणीतून निसटलेला एक तरुण घेट्टोत आला. विषारी वायूच्या गाड्यांत माणसं कशी मारतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, मुडदे त्यालाच पुरायला लावले होते. गटाने त्याची जबानी लिहून घेतली आणि पोलिश भूमिगतांमार्फत ती बातमी लंडनपर्यंत पोहोचवली. त्या जूनमध्ये बीबीसीवर पोलंडमधल्या ज्यूंच्या हत्यांची बातमी लागली, तेव्हा आपलं काम फुकट गेलं नाही असं रिंगेलब्लुम यांना वाटलं. जगाने तातडीने काही केलं असं मात्र झालं नाही.

22 जुलै 1942 ला घेट्टोतून ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसं गेली. दप्तर वाचवायचं तर तेव्हाच. नोवोलिप्की रस्त्यावरच्या 68 नंबरच्या शाळेच्या तळघरात इस्रायल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन खड्डा खणला आणि 3 ऑगस्टला दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. त्या विद्यार्थ्यांतला एक, डेव्हिड ग्राबर, 19 वर्षांचा. पेट्या बंद करण्याआधी तिघांनी आपापलं मृत्युपत्र लिहून आत टाकलं. ग्राबरच्या मृत्युपत्रात स्वतःसाठी मागणं नाही. हे चांगल्या हाती पडो आणि काय घडलं ते जगाला कळो, एवढीच त्याची इच्छा होती. तिघांपैकी कुणीही वाचलं नाही.

फेब्रुवारी 1943 मध्ये दुसरा साठा दोन दुधाच्या कॅनमध्ये भरून त्याच जागी पुरला. तिसरा एप्रिलमध्ये, दुसऱ्या ठिकाणी. रिंगेलब्लुम, त्यांची पत्नी आणि लहान मुलगा वॉर्सात एका तळघरात लपून राहिले होते. मार्च 1944 मध्ये ती जागा फुटली आणि सगळ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पन्नास-साठ जणांच्या गटातले तिघेच युद्धानंतर उरले : गटाचे चिटणीस हिर्श वासेर, त्यांची पत्नी ब्लुमा आणि रशेल आउअरबाख.

पेट्या कुठे आहेत ते वासेर यांना माहीत होतं. पण वॉर्साचा तो भाग तोवर विटांचा ढिगारा झाला होता, रस्तेच उरले नव्हते. आउअरबाख सभासभांतून सांगत राहिल्या की त्या ढिगाऱ्याखाली आपला इतिहास आहे, खोदा. 18 सप्टेंबर 1946 रोजी पहिल्या पेट्या निघाल्या. पाणी झिरपून आतले कागद भिजले होते, चिकटले होते, शाई पसरली होती. पान अन् पान सुटं करून वाळवावं लागलं. दुधाचे कॅन 1 डिसेंबर 1950 ला बांधकामाच्या वेळी सापडले. दुधाच्या कॅनला घट्ट झाकण असतं, त्यामुळे त्यातले कागद बरेच शाबूत होते. तिसरा साठा हाती लागला नाही.

दोन्ही साठ्यांतली सुमारे 35,000 पानं आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. 1999 मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत नोंद केली. याच संस्थेत युद्धानंतर लगेच वाचलेल्यांकडून लिहून घेतलेल्या सुमारे 7,000 जबान्याही आहेत. हे काम 1944 मध्येच, युद्ध चालू असताना, लुब्लिनमध्ये सुरू झालं. स्वतःचं घरदार शोधायचं सोडून माणसं आधी वही-पेन्सिल घेऊन बसली.

प्रश्न : नोंदी असणं नेहमी चांगलंच का? नोंदींमुळेच माणसं पकडली गेली ना? – एक वाचक, पणजी

उत्तर : हॉलंडमध्ये अगदी असंच घडलं. तिथली लोकसंख्येची नोंदणी अतिशय नेटकी होती आणि त्यात धर्माचा रकाना होता. 1941 मध्ये जर्मनांनी ज्यूंना स्वतंत्र नोंदणी करायला लावली, आणि बहुतेकांनी कायदा पाळायच्या सवयीने ती केली. हॉलंडमधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,02,000 मारले गेले. पश्चिम युरोपातलं हे सगळ्यात भयंकर प्रमाण. नोंदणी हे त्यामागचं एकमेव कारण नाही, पण ठळक कारण आहे.

27 मार्च 1943 च्या रात्री विलेम अरोंदेउस हे चित्रकार-लेखक आणि त्यांचे साथीदार पोलिसांचे गणवेश घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बाहेर बागेत नेऊन ठेवलं, कारण कुणाचा जीव घ्यायचा नाही असं ठरलं होतं. मग कार्डांचे कप्पे उपसले आणि इमारतीला आग लावली. अग्निशमन दलातल्या लोकांनी मुद्दाम उशीर केला आणि नंतर गरजेपेक्षा जास्त पाणी मारून राहिलेली कार्डंही भिजवली. सगळी नष्ट झाली नाहीत, कार्डं लाखोंनी होती. 1 जुलैला अरोंदेउससह बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. कागदाची किंमत रिंगेलब्लुम यांना कळली होती तशीच अरोंदेउस यांनाही. एकाने कागद पुरले, दुसऱ्याने जाळले, आणि दोघांचंही बरोबर होतं.

हा पेच हॉलंडमध्ये अजून संपलेला नाही. नाझींना साथ दिल्याच्या संशयावरून युद्धानंतर ज्यांची चौकशी झाली त्यांच्या फायली हेगच्या राष्ट्रीय दप्तरात आहेत, एकूण सव्वाचार लाख नावं. 1 जानेवारी 2025 ला त्यांच्यावरचं कायद्याचं बंधन उठलं आणि नावांची यादी ऑनलाइन आली. पण फायली सरसकट ऑनलाइन टाकायचं काम खासगीपणाच्या आक्षेपामुळे थांबलं. त्या सव्वाचार लाखांतल्या बहुतेकांवर कधी खटलाच चालला नव्हता. नातवंडांना आजोबांचं नाव यादीत दिसावं आणि आरोप खरा की खोटा ते कळू नये, हे मला बरोबर वाटत नाही. पूर्ण फाइल दाखवावी, नाहीतर नावही उघडं करू नये, असं माझं मत आहे.

प्रश्न : युद्ध संपल्यावर वाचलेल्यांनी एकमेकांना शोधलं कसं? आणि ती कागदपत्रं आपल्याला पाहता येतात का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जर्मनीतल्या हेसन प्रांतात बाड आरोल्सेन नावाचं छोटं गाव आहे. बॉम्बहल्ल्यातून वाचलेलं, चारही दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या भागांना साधारण मधलं. 1946 मध्ये हरवलेल्या माणसांचा शोध घेणारं केंद्र तिथे आणलं. याच गावच्या संस्थानिकाचा वारस, योझियास झू वाल्डेक, एस.एस.चा जनरल होता आणि बुखेनवाल्ड छावणी त्याच्या अखत्यारीत येत होती. अशा गावात छावण्यांतल्या बळींच्या शोधाचं काम सुरू झालं.

छावण्यांत हाती लागलेली रजिस्टरं, कामगारांची कार्डं, गाड्यांच्या याद्या, निर्वासित छावण्यांतले अर्ज, सगळं इथे येत गेलं. आज सुमारे 1 कोटी 75 लाख माणसांबद्दलचे 3 कोटी कागद तिथे आहेत. त्यांची गुरुकिल्ली म्हणजे नावांची सूची, सुमारे 5 कोटी कार्डं. ही कार्डं स्पेलिंगप्रमाणे लावून उपयोग नव्हता. पोलिश कारकुनाने एक लिहिलं, जर्मनाने दुसरं, फ्रेंचाने तिसरं. अब्रामोविच या एका आडनावाची 800 हून अधिक रूपं तिथे आहेत. म्हणून उच्चाराप्रमाणे लावायची पद्धत काढली.

या कागदांनी हजारो घरं जोडली, आणि अनेकांना ‘मृत’ हे उत्तरही दिलं. पुढे जर्मनीने नुकसानभरपाईचा कायदा केला तेव्हा छावणीत असल्याचा दाखला इथूनच मिळवावा लागे. ज्याची नोंदच नाही त्याने दाखला कुठून आणायचा? ज्यांच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला त्यांच्याकडेच सर्वांत कमी कागद, हा गुंता इथेही आडवा आला.

या दप्तराबद्दल एक तक्रार मात्र मनापासून करावीशी वाटते. 1955 पासून ते आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या कारभाराखाली होतं आणि खासगीपणाच्या कारणाने अभ्यासकांना त्याची दारं बंद होती. वाचलेले लोक म्हातारे होत होते आणि आईवडिलांचं काय झालं याच्या उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबत होते. अकरा सदस्यदेशांवर दबाव आल्यावर नोव्हेंबर 2007 मध्ये ते खुलं झालं. हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. तेव्हा विचारणारे आणि सांगू शकणारे दोघेही हयात होते.

2019 पासून संस्थेचं नाव आरोल्सेन आर्काइव्ह्ज असं आहे आणि तिच्या कागदांचा मोठा भाग इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. कित्येक कैद्यांच्या वस्तूही तिथे पाकिटांत जपलेल्या आहेत. मनगटी घड्याळ, लग्नाची अंगठी, पैशांच्या पाकिटातला फोटो. वारस शोधून त्या परत देण्याचं काम चालू आहे. यातल्या बहुतेक वस्तू ज्यूंच्या नाहीत, पोलिश, रशियन आणि इतर कैद्यांच्या आहेत. ज्यूंच्या वस्तू परत देण्यासाठी ठेवायच्याच नव्हत्या, त्या आल्या क्षणी लुटल्या गेल्या.

प्रश्न : कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात छावणी होती. ते ज्यू निर्वासित होते का? महाराष्ट्रात अशा काही नोंदी आहेत? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वळिवड्याला 1943 पासून सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. ते प्रामुख्याने कॅथलिक होते, आणि त्यांना घरातून उठवून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं ते स्टालिनच्या राजवटीने. तिथून इराणमार्गे ते इकडे आले. त्यांची कहाणी हृदयद्रावक आहे, पण वेगळी आहे.

ज्यू निर्वासित मुंबईत आले ते 1933 नंतर थोडेथोडे करून, जर्मनी आणि ऑस्ट्रियातून. त्यांना मदत करायला 1934 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या चित्रकारांना हात देणारे रुडॉल्फ फॉन लायडेन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हेही याच काळात आलेले. आणि इथे या निर्वासितांच्या नशिबी एक विचित्र न्याय आला. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडलं आणि अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. चौकशीनंतर बरेच सुटले. काहींना पुढे पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत राहावं लागलं.

या चौकशांच्या, परवान्यांच्या आणि अर्जांच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांची सूची आणि स्कॅन केलेली बरीच पानं ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येतात. शोधताना एकच काळजी घ्या : इंग्रज कारकुनांनी जर्मन नावं ऐकू आली तशी लिहिली आहेत, तेव्हा एक स्पेलिंग सापडलं नाही तर दुसरं, तिसरं टाकून बघा. पुरंदरच्या छावणीबद्दल घरात कुणी काही ऐकलेलं असेल, जुना फोटो असेल, तर तो आम्हाला जरूर पाठवा. पायथ्याच्या गावांतल्या ज्यांनी त्या छावणीला दूध-भाजी पुरवली, त्यांच्या घरच्या आठवणी लिहून घ्यायला आता फार दिवस उरलेले नाहीत.